लांब तोंडाला शोभेल असं

आमच्या आईकडच्या बायकांची तोंडं लांब. सभ्य माणसं त्याला उभट चेहरा म्हणतात, पण आमच्या नात्यात सभ्य माणसं फारशी नाहीत. कपाळ मोठं, गाल आत गेलेले, आणि हनुवटी एकदा खाली निघाली की थांबायचं नाव घेत नाही. आजीचं असंच, मावशीचं असंच, आईचं तसंच, आणि कुणी न विचारता माझंही. शाळेत मला घोडी म्हणायचे. मी एकीला कंपासपेटी हाणली, तेव्हापासून निदान तोंडावर म्हणायचं बंद झालं.

आईला कंपासपेटी हाणायची सोय नव्हती, कारण चिडवणारे अण्णाच होते. आमच्या साताऱ्याच्या घरी पाहुणे आले, चहा झाला, की अण्णा ती गोष्ट सांगायचेच. "बघायला गेलो तवा हिची मान खाली. म्हटलं, बाई, जरा वर बघा. वर बघाय लागली ती लागलीच. तोंड संपंना!" पाहुणे हसायचे. आईसुद्धा हसायची. मग आत जाऊन आरशासमोर कानावरचे केस सैल करायची. अंबाडा मानेवर खाली, दोन्ही बाजूंनी केस कानावर फुगवलेले, ही तिची कायमची पद्धत. घरातल्या प्रत्येक फोटोत ती कुणाच्या तरी खांद्यामागे हनुवटी लपवून उभी आहे. मला तेव्हा अण्णांचा राग यायचा, आणि हसणाऱ्या आईचा त्याहून जास्त.

तरी रोज सकाळी दोघांचं एक ठरलेलं काम असायचं. अण्णा एसटीत कंडक्टर होते, सातारा-सांगली गाडीवर बरीच वर्षं. ड्युटीला जायच्या आधी ते आईच्या मागे पलंगावर बसायचे, तळहातावर अंबाड्याचे आकडे घेऊन. आई केस गुंडाळायची आणि मागे न बघता हात करायची. ते एकेक आकडा द्यायचे, तिकीट दिल्यासारखा. निवृत्त झाले तरी हे थांबलं नाही. खरं तर तेव्हा ते जास्तच वेळ चालायला लागलं.

मग अण्णांना विसरण्याचा आजार झाला. आधी शेजारी गेले, मग जावई गेला, मग मी. मी सांगलीहून शनिवारी घरी गेले की ते दारातच म्हणायचे, "ताई, पुढं सरका. दारात उभं ऱ्हाऊ नका." एसटीतून ते कधी उतरलेच नव्हते बहुतेक. मी पुढे सरकायचे. दुसरं काय करणार? पण आई त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. ती स्वयंपाकघरात गेली तरी त्यांची विचारणा सुरू व्हायची, "आमची ही कुठं हाय?" दोघांनी जन्मात एकमेकांचं नाव घेतलं नव्हतं. ही आणि हे, अगं आणि आवं, यावर सगळा संसार झालेला. त्यामुळे ते रस्त्यावर चुकले असते आणि कुणी विचारलं असतं, ही म्हणजे कोण, तर त्यांना काही सांगता आलं नसतं. ओळखायला त्यांच्याकडे फक्त तिचा चेहरा होता. तोही गेला तर ते कुणाचेच राहणार नव्हते, हे आई जाणून होती आणि मीही.

अशात आई मोरीत घसरली आणि उजवा खांदा मोडून बसली. मिरजेला ऑपरेशन झालं. तोवर अण्णांना मी सांगलीला माझ्याकडे आणलं. ते माझ्या फ्लॅटमध्ये दिवसभर स्टँड शोधत फिरायचे आणि बाल्कनीच्या दाराशी जाऊन घंटीची दोरी चाचपायचे. आई हात गळ्यात बांधून माझ्या घरी आली, तेव्हा मी अण्णांकडेच बघत होते. अण्णांनी तिच्याकडे बघितलं. "आलीस व्हय?" म्हणाले. "हाताला काय झालं? बस." मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. तेवढं मला पुरलं.

आता केसांचा प्रश्न उभा राहिला. आईचे केस या वयातही कमरेपर्यंत होते. पातळ झालेले, अर्धे पांढरे, पण कमरेपर्यंत. तिचा हात वर जात नव्हता आणि पुढेही जाणार नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, घास तोंडापर्यंत पोचेल, त्यात समाधान माना. अंबाडा मी घालायला लागले. मला तो यायचा नाही. मी ओढायचे, ती ओरडायची. "लय ओढतीस! माझं डोकं हाय ते, कांद्याचं पोतं न्हाई!" मी म्हणायचे, मग तूच घाल. हे म्हणून झालं की मला स्वतःचीच चीड यायची. एवढं करून तो अंबाडा दुपारच्या चहापर्यंतही टिकायचा नाही. न्हायला घालणं तर युद्धच. टाक्यांना पाणी लागता कामा नये आणि केसातला साबण तर गेला पाहिजे. एकदा अशा न्हाण्यानंतर ती ओल्या केसांनी बसून राहिली आणि आपणहूनच म्हणाली, "काप."

मी टॉवेलने तिचे केस पुसत राहिले.

"काप म्हणतीय ना. पण अगं..." ती थांबली. "तोंड लय लांब दिसंल का?"

खांदा मोडलेला, नवरा हातातून निसटत चाललेला, आणि बाईला काळजी कसली, तर तोंड लांब दिसेल याची. दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी हसले असते. पण तेच तोंड मलाही आहे. केस कापायच्या आधी मीही आरशासमोर केस दुमडून, हनुवटीपाशी धरून, असं दिसेल का तसं दिसेल, हे कितीदा करून बघितलेलं आहे आणि प्रत्येक वेळी ते सोडून दिलेलं आहे. म्हणून मी तिला म्हटलं, बघू, शोभेल असंच कापू.

मग मी मोबाईलवर बघायला लागले. लांब चेहऱ्याला कोणते आखूड केस शोभतात, हे सांगणारे व्हिडिओ म्हणजे समुद्र आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच. डोक्यावर उंची नको. मधोमध भांग नको. हनुवटीच्याही खाली सरळ लोंबणारे केस नकोत, त्याने चेहरा आणखी ओढला जातो. हनुवटीपर्यंत केस, कानाजवळ फुगीर, आणि कपाळावर झुलपं. झुलपं म्हणजे कपाळ अर्धं झाकलं जातं आणि तोंड आपोआप आखूड दिसतं. हे सगळं सांगणाऱ्या मुली विशीतल्या, आणि एकीचंही तोंड माझ्या मते लांब नव्हतं. गळ्यात हात बांधलेली म्हातारी बाई मला कुठेच दिसली नाही.

मी आईला फोटो दाखवले. ती चष्मा लावून, फोन लांब धरून बघत राहिली. मग म्हणाली, "आणि कुंकू कुठं लावायचं?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. झुलपांखाली कुंकू दिसणारच नाही. आई टिकली लावत नाही, कुंकू लावते, चांगलं रुपयाएवढं, रोज.

"हे हायती तवर मी कपाळ झाकायची न्हाई," ती म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांचं जाऊ दे. झुलपं नसली तर तोंड लांब दिसेल."

"मग दिसू दे," ती म्हणाली. आणि लगेच, "लय लांब दिसंल का पण?"

यावर आमचे बरेच दिवस गेले. एका दिवशी कुंकू जिंकायचं, दुसऱ्या दिवशी तोंड. मी वैतागून म्हणायचे, गोटाच कर सगळ्याचा. ती म्हणायची, तसं बोलू नये. अण्णा मध्ये बसून दोघींकडे आलटून पालटून बघायचे. आई दिसत होती, तोवर ते शांत असायचे.

शेवटी आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीने तोडगा काढला. ती बडबडी, हसरी बाई, लग्नसराईत दम न घेणारी. झुलपं सरळ नाही कापायची, तिरकी कापायची, एका बाजूने भुवईवर येतील आणि दुसऱ्या बाजूने कुंकू दिसेल, असं तिने आईला बोटांनी दाखवलं. आई आयुष्यात पहिल्यांदा पार्लरमध्ये आली होती. खुर्चीत ती कडेला टेकून अशी बसली, की जणू कुणी उठवायला येईल. पार्लरवालीने आधी वेणी घातली, वरून रबर बांधलं, आणि एका झटक्यात नाही, पण तीन-चार वेळा कात्री चालवून वेणी हातात काढून घेतली. "ठेवायची का, आजी?" आई म्हणाली, "कशाला?" आणि मग म्हणाली, "दे इकडं." वेणी तिने डाव्या हातात मांडीवर धरून ठेवली.

कापून झालं, ड्रायर फिरवून झाला. मी मागे उभी होते. आरशात बघितलं. आई सुंदर दिसत होती. कानाजवळ पांढऱ्या-काळ्या केसांचा फुगीरपणा, गाल भरलेले वाटत होते, कपाळ अर्धं झाकलेलं, तिरक्या झुलपांआडून कुंकू डोकावत होतं. हनुवटी तीच, पण आता ती जिथे थांबायला हवी तिथेच थांबली होती. आईने मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग हसली, लहान मुलीसारखी.

"तोंड कुठं गेलं गं माझं?" म्हणाली.

घरी येताना ती रस्त्याने प्रत्येक दुकानाच्या काचेत बघत होती. मी बघून न बघितल्यासारखं केलं. सत्तरी ओलांडलेल्या माझ्या आईने स्वतःकडे असं बघितलेलं मी कधीच बघितलं नव्हतं. मला एवढा आनंद झाला होता की जिन्यात मी तिला म्हटलंसुद्धा, अण्णा आता काय म्हणतील बघ, त्यांची ती गोष्ट आजपासून बंद.

अण्णा सोफ्यावर होते. आम्हाला बघून ते जरा सरकले, आईला जागा करून दिली आणि विचारलं, "कुठं उतरायचं, बाई?"

आई हसली. तिला वाटलं, थट्टा चाललीय. "आवं, मी हाय."

"व्हय, पण उतरायचं कुठं?"

"अण्णा, आई आहे ती," मी म्हटलं.

"कुणाची?"

"माझी."

"बरं बरं. बसा," ते म्हणाले, एखाद्या प्रवाशाच्या आईला म्हणावं तसं. मग दाराकडे बघून म्हणाले, "आमची ही यायची हाय अजून."

आई त्यांच्याशी बोलत राहिली. आवाज तर तोच होता. पण ओळखीचा आवाज अनोळखी तोंडातून येतोय म्हटल्यावर ते घाबरले. "आमच्या हिच्यासारखं बोलू नका," असं त्यांनी तिला दरडावून सांगितलं. त्यानंतर त्यांच्यासमोर ती फार कमी बोलायची.

मी काय काय केलं! पदर डोक्यावर घ्यायला लावला. जुनी साडी नेसवली. आणि शेवटचं म्हणजे ती कापलेली वेणी पिशवीतून काढून, गुंडाळून, जाळी घालून तिच्या मानेवर अंबाडा बसवला. आखूड केसांत तो काय टिकणार? आई त्यांच्यासमोर वाकली आणि अख्खा अंबाडा सुटून त्यांच्या मांडीवर पडला. अण्णा ओरडले. आईने तो डाव्या हाताने उचलला आणि मला म्हणाली, "पुरं आता." मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, नेहमीच्या जागी नेऊन बघा. केस लवकर वाढवायचं औषध त्यांच्याकडेही नव्हतं. मी केसांवर चिडले, पार्लरवालीवर चिडले, त्या विशीतल्या मुलींवर चिडले. चिडून काही उपयोग नव्हता, पण मला दुसरं काही येतही नव्हतं.

साताऱ्याला मी त्यांना एसटीनेच नेलं, कारण गाडीत अण्णा शांत बसतात. खिडकीची जागा त्यांनी आईला दिली. "बसा बाई, वारं लागंल." मी मागच्या सीटवर. कराड सोडलं आणि ते त्या बाईशी, म्हणजे आईशी, गप्पा मारायला लागले. घरी चाललोय, म्हणाले. आमची ही वाट बघत असंल.

आईने हळूच विचारलं, "कशी हाय ती?"

"लांब तोंडाची हाय," अण्णा म्हणाले. मी मनात म्हटलं, झालं, आता ती गोष्ट सांगणार, अनोळखी बाईलाही सोडणार नाहीत. पण ते म्हणाले, "लय चांगलं असतंय ते. आमची ड्युटी म्हंजे स्टँडवर ही गर्दी. डबा घिऊन यायची. कितीबी माणूस असू दे, गाडीतनं उतरलो की पहिलं तिचंच तोंड दिसायचं. शोधाय लागायचं न्हाई."

आई खिडकीबाहेर बघत होती. मला तिच्या डोक्याची मागची बाजू दिसत होती, ते छान कापलेले केस, वाऱ्याने उडणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. अण्णा पलंगावर आपल्या जागी जाऊन बसले होते. आकड्यांचा डबा त्यांना बरोबर सापडला होता. तळहातावर आकडे घेऊन ते समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत होते. आई मोरीतून आली. तिने डाव्या हाताने केसांवर पाणी मारलं होतं आणि झुलपांसकट सगळे केस मागे दाबून धरले होते. कान उघडे, कपाळ उघडं, त्यावर मोठं कुंकू. तोंड लांबच्या लांब. इतकं लांब मी ते कधी बघितलं नव्हतं, कारण आयुष्यभर तिने ते कधी दाखवलंच नव्हतं. ती त्यांच्यासमोर बसली, पाठ करून नाही, तोंड करून.

"आकडा द्या," म्हणाली.

अण्णा बघत राहिले. चहा उतू गेला, मी तो तसाच जाऊ दिला.

"कुठं हुतीस?" ते म्हणाले. आणि तिचा हात वर जात नाही हे बघून त्यांनी स्वतःच तो आकडा तिच्या केसात खोचला. मग दुसरा. "केस कुठं गेलं?"

"गेलं."

"असू दे. तोंड तेवढं ऱ्हायलं," म्हणाले आणि हसले. आई हसली. मी गॅसपाशी उभी राहून फडक्याने ओटा पुसत राहिले.

हे इथे संपलं असतं तर बरं झालं असतं. पण ते रोज जमत नाही. काही सकाळी ते तिच्या उघड्या कपाळाकडे बराच वेळ बघतात आणि विचारतात, कुठं उतरायचं. ती म्हणते, "तुमी उतराल तिथं." ते मान डोलावतात. असे दिवस वाढत चाललेत. डॉक्टरांकडे त्याला काही उपाय नाही आणि माझ्याकडे तर नाहीच. एरवी ती डाव्या हाताने जमेल तसं करते; शनिवारी मी जाते, केसांना पाणी मारून मागे ओढते, आकडे लावते. आता ओढताना ती ओरडत नाही. उलट म्हणते, अजून ओढ, कान दिसू देत.

मागच्या शनिवारी दुपारी अण्णा झोपले होते. मी आतल्या खोलीत गेले तर आई आरशासमोर होती. तिने एकेक करून आकडे काढले, झुलपं पुढे घेतली, बोटांनी तिरकी केली. कानाजवळचे केस फुगवले. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. पार्लरमध्ये हसली होती तशी हसली. मी दारातच थांबले. मला आरशात बघून ती म्हणाली, "बरी दिसतीय ना गं?"

"खूप छान दिसतेस," मी म्हटलं.

बाहेर पलंग कुरकुरला. आईने हातातले आकडे माझ्यापुढे धरले आणि डोळे मिटून घेतले.

"लाव लवकर," म्हणाली. "उठलं हे."